रेणापूर फाट्याच्या अलीकडं

बावीस वर्षं मी लोकांना एकच विचारतो,
कुठं जायचं?
बर्दापूर, दोन फुल एक हाफ. रेणापूर. लातूर स्टँड.
एक म्हातारी म्हणायची, ने बाबा जिथं नेतोस तिथं.
तिलाही शेवटी गाव सांगावं लागायचं,
मशीनला गाव लागतं.

आणि घरात पोरगं
जानेवारीपासून भिंतीकडं तोंड करून.
पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष. ड्रॉइंगचा बोर्ड दाराआड,
त्यावर अर्धवट गिअर.
दात मोजले मी एकदा,
चौदा काढलेत, पुढं कोरं.

आम्ही आधी आळस म्हणालो.
मग मोबाईल म्हणालो.
शेजारचे म्हणाले, बाहेरचं बघा.
मेहुणा म्हणाला, मिलिटरीत टाका.
रत्नमालाला मात्र एक दिवस त्याचा टॉवेल दिसला,
आठ दिवस दोरीवर, कोरडा ठक्क.
तिनंच सरकारी दवाखान्यात नंबर लावला.

नाहिद मॅडम त्याच्याशी चाळीस मिनिटं बोलल्या,
मग मला आत बोलावलं.
आजार आहे म्हणाल्या, नैराश्य.
शुगर असती तर लपवली असती का?
मी म्हणालो, शुगरही लपवतो आम्ही.
त्या हसल्या नाहीत.
गोळ्या सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे जपा.
तो उठेल, दाढी करेल, तुम्हाला वाटेल सुटलो.
अंगात बळ आधी येतं,
मनात उजेड मागाहून.
त्या मधल्या टप्प्यात एकटं सोडू नका.
आणि विचारा. सरळ विचारा.
विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही,
असलाच तर बाहेर यायला वाट मिळते.

केसपेपरच्या चार घड्या करून खिशात ठेवला.
घरातलं काय काय त्या रात्री बहिणीकडं पोचवलं
ते सांगणार नाही.
गोळ्यांची पट्टी माझ्या पैशाच्या बॅगेत,
रोज रात्री एक काढून देतो.
पप्पा, गोळीला नोटांचा वास येतो, म्हणाला.
तीन महिन्यांत एवढं लांब वाक्य नव्हतं.

सोळाव्या दिवशी त्यानं खरंच दाढी केली.
रत्नमालानं शिरा केला.
माझ्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळची सहाची गाडी, मागं सगळी रिकामी.
शेवटच्या सीटवर बसून सराव केला.
सुमेध, तुला कधी...
सुमेध, जीव...
पत्र्याच्या खडखडाटात माझं मलाच ऐकू येईना.
रेणापूर फाट्याच्या अलीकडं
एकदाच पूर्ण वाक्य निघालं तोंडातून,
मोठ्यानं,
आणि गवळी ड्रायव्हरनं आरशात बघितलं.
बोलला काही नाही. गाडी जरा हळू घेतली.

रात्री दाराच्या पायरीवर
तो शेंगा फोडत होता, खात नव्हता.
म्हणालो, सुमेध, जीव द्यावा असं वाटतं का तुला?

शेंगांचा आवाज थांबला.
पलीकडच्या गल्लीत कुणीतरी बोअर चालू केली.
मग तो म्हणाला, व्हय.
रोज नाही.
आज सकाळी आलतं मनात.

वाटलं होतं, हे ऐकून मी कोसळेन.
नाही कोसळलो.
चालत्या गाडीत, दोन्ही हात गुंतलेले असताना
उभं राहायची सवय आहे पायांना.
सरकून त्याच्याजवळ बसलो.
परत आलं तर उठव मला, कितीही वाजू दे.
ड्युटीवर असलो तर फोन कर, गाडी थांबवतो.
पॅसेंजर ओरडतील, म्हणाला.
ओरडू दे. एक घंटी मारली की थांबते,
एवढी तरी सत्ता आहे माझी.

बराच वेळ गेला.
त्यानं सोललेल्या दाण्यांची मूठ माझ्या हातावर ओतली.
मोजून घ्या, म्हणाला, सुटे आहेत.

सकाळी रजेचा अर्ज लिहिला, त्याला मॅडमकडं न्यायला.
कारणाच्या रकान्यात आधी लिहिलं घरगुती.
खोडलं.
मुलाचा आजार.
पुढं जागा उरली होती,
तिथं आजाराचं नाव लिहिलं,
आणि डेपोतल्या टेबलावर अर्ज ठेवला,
उताणा.